मदत हवी आहे: खर्च अडला तरी अमेरिकेत सरकार पडत का नाही, हे बाबांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत असतो. बाबांनी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरलाय. वय ५५ च्या पुढे आणि ग्रीनकार्डला १५ वर्षं होऊन गेलेली, त्यामुळे इंग्रजीची परीक्षा माफ आहे. नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीत होतील. पाठांतराची चिंता नाही. पण बाबांनी सातारा जिल्ह्यातल्या हायस्कूलवर आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलंय, आणि पटल्याशिवाय उत्तर पाठ करायला ते तयार नाहीत. दोन ठिकाणी घोडं अडलंय.

पहिलं म्हणजे शटडाउन. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, खर्चाला मंजुरी न दिल्याने २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस केंद्राचं बरंचसं कामकाज बंद होतं, लाखो कर्मचाऱ्यांचे पगार लटकले. बाबांचा सवाल असा: "खर्चाला मंजुरी नाही म्हणजे सभागृहाचा विश्वास गेला. १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. मग इथे राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर कसा राहतो?" मी महाभियोगाचं सांगून पाहिलं, तर म्हणाले, "तो गुन्ह्यासाठी. मी विश्वासाबद्दल विचारतोय."

दुसरं, संविधानाच्या सहाव्या कलमानुसार केंद्राचा कायदा राज्यांच्या वर. केंद्राच्या कायद्यात गांजाला बंदी आहे, तरी आमच्याकडे २०२२ पासून परवाना घेतलेली गांजाची दुकानं उघड चालतात. हे कसं?

जाणकारांनी कृपया सांगा. मुलाखत जवळ आलीय आणि बाबा रोज रात्री जेवताना हाच विषय काढतात.

प्रतिसाद १

तुमच्या बाबांचा प्रश्न अगदी मुळावरचा आहे. भारतात मंत्रिमंडळ संसदेतून निघतं आणि कलम ७५ प्रमाणे लोकसभेलाच जबाबदार असतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष काँग्रेसमधून निघतच नाही. त्याची निवडणूक वेगळी, मुदत ४ वर्षांची ठरलेली. जो विश्वास काँग्रेसने दिलाच नाही, तो ती काढून कसा घेणार?

त्यांना मंत्र्यांचं उदाहरण द्या, शिक्षकाला लगेच पटेल. भारतात बाहेरचा माणूस मंत्री झाला तर ६ महिन्यांत खासदार व्हावं लागतं. इथे नेमकं उलटं: मंत्री व्हायचं तर काँग्रेसची जागा सोडावी लागते. मार्को रुबिओ २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा त्यांनी सेनेटचा (काँग्रेसच्या वरच्या सभागृहाचा) राजीनामा दिला. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान लिहिणाऱ्यांनी ही भिंत जाणूनबुजून घातली, कारण कायदा करणारा आणि राबवणारा हात एक झाला की जुलूम होतो, अशी त्यांची धारणा होती.

तिजोरीची किल्ली मात्र काँग्रेसकडे. तिच्या मंजुरीशिवाय एक डॉलरही खर्चता येत नाही. म्हणजे शटडाउन हा अंकुश सुटल्याचा नव्हे, लागल्याचा परिणाम. त्यात कर्मचारी भरडले जातात हे मलाही फार वाईट वाटतं, पण रचना तशी आहे. २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचं बहुमत होतं, तरी अडलं, कारण सेनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला यायला १०० पैकी ६० मतं लागतात. हा नियम संविधानातला नाही, सेनेटने स्वतःला घालून घेतलेला आहे.

प्रतिसाद २

गांजाबद्दल: केंद्राचा कायदा वरचढ आहेच, आणि केंद्राचे अधिकारी आजही कारवाई करू शकतात. पण तो कायदा राबवायला राज्याची यंत्रणा जुंपता येत नाही. १९९७ मध्ये बंदूक खरेदीदारांची चौकशी स्थानिक शेरीफांवर (पोलीसप्रमुखांवर) लादणारी केंद्राची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देऊ न देणाऱ्या केंद्राच्या कायद्याविरुद्धचा २०१८ चा खटला तर तुमच्याच न्यू जर्सीचा, आणि तो राज्याने जिंकला. राज्याने आपल्या कायद्यातली बंदी उठवली की राज्याचे पोलीस पकडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

एक महत्त्वाचं. नागरिकत्व हा केंद्राचा विषय आहे. अर्जदाराने गांजा वापरला किंवा त्या धंद्यात नोकरी केली, तर राज्यात ते कायदेशीर असूनही अर्ज अडकू शकतो. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि अर्ज २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा नंतर भरला असेल तर नवी परीक्षा लागू होते: १२८ प्रश्नांच्या यादीतले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. जुनी पुस्तिका वापरत असाल तर आजच बदला. बाबांना म्हणावं, अधिकाऱ्यासमोर उत्तर एका वाक्यात द्या, वाजपेयी सरकारची चर्चा घरी करू.