घर लहान, पाहुणे फार. तुमच्याकडे काय काय मिटतं?

ओटीवरची
काल सुतारकाकांनी भिंतीतला पलंग पहिल्यांदा खाली सोडला. खाट्! आणि मी एकदम गिरगावात. दहा बाय बाराची खोली, आजोबांची लोखंडी कॉट, कॉटखाली आम्ही तिघी बहिणी. कडेच्या जागेवरून रोज भांडण, कारण मधलीला पंखा लागत नसे. सकाळी सगळ्या वळकट्या कॉटवर रचायच्या, वर चादर ताणली की झाला सोफा. पाहुण्यांना कधी कळलंच नाही की ते आमच्या उश्यांवर बसलेत.

त्या खोलीतून सुटले, आता घरात ऐसपैस लोळेन असं वाटलं होतं. कसलं काय! गुहागरला सासऱ्यांचं जुनं घर पडायला आलं होतं, ते पाडून नवीन बांधतोय. समुद्र इतका जवळ की सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या सरकारी नियमांत जुनं जोतं होतं तेवढंच परत बांधता येतं, हातभरसुद्धा पुढे सरकता येत नाही. जोतं १८ बाय २२, म्हणजे ३९६ चौरस फूट. त्यात नऊ इंची चिऱ्याच्या भिंती. आत उरले ३३८.

तर सगळंच मिटतं. पलंग भिंतीत, जेवायचं टेबल भिंतीला, खिडकीखालच्या बसकटीत गाद्या, जिन्याच्या प्रत्येक पायरीत खण. दारं सरकती केली. नेहमीचं पावणेतीन फुटी दार नुसतं उघडायला सहा चौरस फूट जमीन खातं, हे मी स्वतः खडूने अर्धवट वर्तुळ काढून मोजलं. सरकत्या दाराचा चॅनेल मात्र वर टांगलाय. खाली ठेवला असता तर पोरांच्या पायाची वाळू जाऊन आठवड्यात दार बसलं असतं.

पहिल्या नकाशात पलंग उघडला की संडासाचं दार उघडत नव्हतं. कागदावर दोन्ही मिटलेलीच दाखवली होती ना! सासूबाईंनी पकडलं. म्हणाल्या, रात्री मला जायचं झालं तर आधी तुम्हाला उठवायचं का?

तुमच्याकडच्या युक्त्या सांगा. फुशारकी चालेल, फजिती जास्त चालेल.

कोकमसरबत
फोटो??

ओटीवरची
पलंगावर सध्या रंगाचे डबे झोपलेत. थांबा जरा.

हर्णैचा वारा
हायड्रॉलिकवाला बॉक्स पलंग कुणी घेत असेल तर आधी हे वाचा. आम्ही हौसेने घेतला. पहिला पावसाळा ठीक. दुसऱ्यात पंपाच्या दांड्यावर गंजाचे ठिपके. तिसऱ्या वर्षी फळी उचलली की टिकायचीच नाही, बायको आत वाकलेली असताना धाडकन खाली. लागलं नाही, पण त्या दिवसापासून कपडे वाळत घालायची काठी हाच आमचा हायड्रॉलिक.

आणि आतल्या गोधड्या! ऑगस्टमध्ये उघडलं तर हिरवी मखमल. बंद पेटी आणि समुद्राची हवा यांचं जमत नाही. आता तळाला आणि बाजूला दोन-दोन इंची भोकं पाडून जाळ्या बसवल्यात, पावसाळ्यात पेटी अर्धीच भरतो. प्लाय ७१० नंबरचा मरीनच घ्या, पण नुसतं त्यावर विसंबू नका. कापलेल्या कडा उघड्या राहिल्या की तोही पाणी पितो, कडांना रंग किंवा पट्टी मारून घ्या. स्टीलच्या कड्या ३०४ ग्रेडच्या घेतल्या होत्या, त्यांच्यावर चहाचे डाग पडल्यासारखे तांबूस ठिपके आले. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत तग धरतं. महाग आहे. पण एकदाच महाग.

सुकट
भोकं पाडलीत म्हणजे झुरळांना फ्लॅट दिलात.

हर्णैचा वारा
जाळी म्हटलं ना भाऊ 😄 बारीक डासांची.

उंचपुरी
जिन्याखालचं न्हाणीघर. करू नका. कधीच करू नका.

नवरा सहा फूट एक इंच. आंघोळ करून उभा राहिला की टण्ण. पाच वर्षं झाली, अजून टण्ण. तिथे आता स्पंज चिकटवलाय. घरी आलेल्या प्रत्येक उंच माणसाला मी आधी डोकं सांभाळा म्हणते, मग पाणी विचारते.

बोटीवाल्याची भाची
माझे मामा बोटीवर होते, म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजावर, तीस वर्षं. निवृत्त होऊन दाभोळला परतले आणि घराला दीड खोली वाढवली. त्यातली अर्धी म्हणजे त्यांची खोली. सहा बाय आठ. आजीला वाटलं पोराने कोठार बांधलं.

त्या खोलीत सगळं जहाजासारखं. खण नुसता ओढून उघडायचाच नाही! आधी किंचित वर उचलायचा, मग ओढायचा. खणाच्या तळाला खाच असते आणि ती चौकटीवर अडकून बसते, म्हणजे जहाज डोललं तरी खण बाहेर येत नाही. कड्या नाहीत, कुलपं नाहीत, गंजायला काही नाहीच. टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंच कड, पेला घसरायला नको म्हणून. शेगडीभोवती आडव्या दांड्या. बिछान्याला बाहेरच्या बाजूने फळी. मामी म्हणायच्या, अहो घर डोलत नाही आपलं. मामा म्हणायचे, मी डोलतो ना.

पाहुणे आले की ते खण उघडून दाखवा म्हणायचे आणि मजा बघायचे. लोक ओढ ओढ ओढायचे. मामींचं म्हणणं, चोर आला तरी सकाळपर्यंत ओढतच बसेल.

मी स्वतःच्या घरी करून घेतलेत तसे चार खण. सुतार आधी ऐकेना, चॅनेल लावतो म्हणाला. मामांकडे नेऊन दाखवलं तेव्हा पटलं. बिजागऱ्या मात्र पितळीच हव्यात हे मामांचं ठाम, आणि स्क्रूही पितळी. बिजागरी पितळी आणि स्क्रू लोखंडी लावला की स्क्रू आधी गंजून जातो, बिजागरी नुसती लोंबत राहते. माझ्या पहिल्या टेबलाचं असंच झालं, तेव्हा मी अक्कल विकत घेतली.

मामा गेले गेल्या वर्षी. खोली तशीच आहे. मामी आता तिथेच झोपतात, फळी लावून.

कोकमसरबत
शेवटच्या ओळीवर थांबले गं.

ओटीवरची
भाचीताई, उचलून ओढायचे खण! माझ्या जिन्याचे अजून व्हायचेत, उद्याच काकांना सांगते. चॅनेलचे पैसे वाचले.

बोटीवाल्याची भाची
खाच अर्धा इंचच ठेव. जास्त ठेवलीस तर भरलेला खण उचलताना कंबर जाईल. पायरीच्या खणाला तर नक्कीच, खाली वाकून उचलायचा असतो.

मालवणी मसालो
गो बाय, ह्या सगळा बरा आसा, पण गणपतीक पावणे इले काय निजतले खंय?

ओटीवरची
तोच तर पेपर आहे दादा. सप्टेंबरला कळेल पास की नापास 😅

चाकरमानी
गणपतीवरून आठवलं. आमच्या नव्या घरात देवासाठी वेगळी खोली नाही, हॉल एकच. भावाने डोकं लढवलं, भिंतीला मिटती फळी लावली. वर्षभर मिटलेली, चतुर्थीला उघडायची. दोन साखळ्या, मजबूत, मी स्वतः त्यावर बसून दाखवलं. आजी आली, बघितलं, म्हणाली, देवाच्या बुडाखाली बिजागरी नको. विषय संपला.

मग काय, बसकटीची पेटी केली. आत वर्षभर समया, तांब्याची भांडी, माटवीच्या (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीच्या) काठ्या, आणि चतुर्थीला त्याच पेटीवर गणपती. एकदा मूर्ती बसल्यावर लक्षात आलं की आरतीचं तबक पेटीतच राहिलंय. पाच दिवस स्टीलच्या ताटात आरती 🙏

निजायचं म्हणाल तर पुरुष मंडळी सगळी पडवीत ओळीने. झोप लागते कुणाला, भजनं असतात रात्रभर.

मालवणी मसालो
आजी बरोबर बोलली 😂

सुकट
या मिटत्या घरांमध्ये सुके बोंबील कुठे ठेवता पण? खरंच विचारतोय. आमच्या नवीन घरात बायकोने सगळी कपाटं एकसंध केलीत, हँडलसुद्धा दिसत नाही, आणि एकातून वास येतो पण कुठल्या ते कळत नाही.

कोकमसरबत
😂😂 उन्हात खडखडीत वाळवून काचेच्या बरणीत. पत्र्याच्या डब्यात नको, मीठ डबा खातं.

उंचपुरी
बरणीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण फिरवा. आणि जवळा वेगळा ठेवा हो, त्याचा वास जास्त.

सुकट
जवळ्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही.

खारे वारे
आमची चूक सांगते, शिका त्यावरून. रत्नागिरीजवळ दोन खोल्यांचं घर. जागा वाचवायची म्हणून पश्चिमेची अख्खी भिंत, खालपासून वरपर्यंत, कपाटांना दिली. दिसायला देखणी. पहिल्या मे महिन्यात घरात भट्टी. अहो, दिवसा समुद्राकडून जो खारा वारा येतो तो पश्चिमेकडूनच ना! त्याच्याच तोंडावर आम्ही साड्या आणि ब्लँकेटं लावून ठेवली. रात्री मतलई वारा जमिनीकडून येतो तो पूर्वेच्या खिडकीतून आत आला की बाहेर पडायला वाट नाही. समुद्राकाठी घर बांधून एसी लावणारे आम्हीच.

वर पावसाळ्यात नैर्ऋत्येची झड त्याच भिंतीवर. कपाटाची पाठ ओली, पैठणीला बुरशी. ती सासूबाईंची पैठणी होती, ते प्रकरण इथे नको.

शेवटी मधली दोन कपाटं काढून खिडकी पाडली. उरलेली भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली. जागा कमी झाली पण घरात माणसं राहू लागली.

ओटीवरची
पैठणीचं प्रकरण वेगळ्या धाग्यात तरी सांगाच.

दिवेआगरची सुपारी
वाचत होते नुसती, लिहायचं नव्हतं. पण लहान जागेचा विषय निघाला म्हणून.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमचं घर कौलारू, मोठं, ऐसपैस. माळा भरलेला: सुपारी, गाद्या, आजीची पितळी भांडी, अल्बम. दुपारी कौलं पत्त्यासारखी उडायला लागली. घरात स्लॅब फक्त न्हाणीघरावर होता, कारण वर पाण्याची टाकी. चार बाय सहा. त्यात आम्ही सहा माणसं, एक मांजर, आणि आजीच्या मांडीवर देवांचा डबा. तीन-चार तास. आजी बादलीवर बसली होती. कुणी बोलत नव्हतं, मांजरसुद्धा.

बाहेर आलो तर आभाळ घरात. बागेतल्या सुपाऱ्या आडव्या.

नवीन घर बांधलं ते लहानच बांधलं, सगळं स्लॅबचं. न्हाणीघर मात्र मुद्दाम मोठं ठेवलं. आत भिंतीला टेकून दगडी बसकट आहे, त्याखाली कोनाडा, त्यात बॅटरी, पाण्याचे कॅन, कागदपत्रांची प्लास्टिकची पेटी. पाहुणे विचारतात न्हाणीघरात सोफा कशाला. आम्ही म्हणतो पाय घासायला.

बोटीवाल्याची भाची
ताई 🙏

उंचपुरी
आमच्याकडे त्या दिवशी वीज गेली ती महिन्याने आली, ते मोठं वाटत होतं. तुमचं वाचून गप्प झाले. मांजर आहे का अजून?

दिवेआगरची सुपारी
आहे. न्हाणीघरातच झोपते. बसकटीवर.

हर्णैचा वारा
कागदपत्रं प्लास्टिकच्या पेटीत हे आम्हीही त्याच वर्षी शिकलो. माळ्यावर काही म्हणजे काही ठेवत नाही आता, रिकाम्या खोक्यांशिवाय.

चाकरमानी
कोनाड्यावरून. जुन्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड, त्यात फूटभर खोल कोनाडे सहज निघायचे. आता नऊ इंची चिऱ्यात फार तर चार इंच मिळतात. आम्हाला आधी वाटलं, चार इंचात काय मावणार? मसाल्याच्या बरण्या मावतात! एकच रांग. त्यामुळे मागे काही दडत नाही, दोन वर्षांपूर्वीची हळद सापडत नाही. बायको म्हणते घरातली सगळ्यात शहाणी जागा तीच.

आणि घडीचं टेबल ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरं सांगा, रोज मिटवता का?

कोकमसरबत
पहिला आठवडा.

खारे वारे
आमचं २०१९ पासून उघडंच आहे. त्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

उंचपुरी
मिटवलं तर मागच्या भिंतीवर डाग दिसतात.

सुकट
वास कुठून येतो ते सापडलं. बोंबील नव्हते. मुलाचे क्रिकेटचे बूट.

मालवणी मसालो
बरणीत घाल 😂

हर्णैचा वारा
ओटीवरचीताई, पायऱ्यांची मापं काय ठेवलीत? रुंदी, उंची? आमच्या वरच्या खोलीचा जिना व्हायचाय, तिथे खण काढता येतील का बघतो.

ओटीवरची
उंची सात इंच, पाऊल दहा इंच. खणाची आतली खोली मोजून सांगते, आत्ता त्या पायरीवर सासूबाई शेंगा सोलत बसल्यात, उठायला तयार नाहीत.