कढीपत्ता म्हणजे गांजा नव्हे

शेवग्याची_शेंग (शिकागोजवळ)

गेल्या आठवड्यात 'हिरवळ' यांनी इथे नवशिक्यांसाठी थंडीतल्या कढीपत्त्यावर लिहिलं. बदामांचा नुसता पाऊस पडला. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी सार एवढंच: घरात झाड वाढवायचा जांभळा दिवा १८ तास, रोज सकाळी पेलाभर पाणी, दर रविवारी द्रवखत आणि पंधरवड्याला ताक.

माझ्या एका मैत्रिणीने हे मनावर घेतलं. परवा तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले तर झाडाच्या काड्या झालेल्या. कुंडी उचलून पाहिली, वरवंट्यासारखी जड. खोड हलकेच ओढलं तर सगळंच हातात आलं. मुळावरची साल बोटांना चिकटून निघाली आणि आत नुसता दोरा उरला. वास तुंबलेल्या मोरीचा. ऐंशी डॉलर मोजून आणलेलं झाड होतं हो ते.

हे १८ तासांचं गणित आलं कुठून माहितीये? गांजावाल्यांकडून. वाढीला १८, फुलोऱ्याला १२. रात्र लांबली की गांजाला तुरे येतात, म्हणून ते लोक टायमर लावून त्याला हवे तितके दिवस फसवत ठेवतात. कढीपत्त्याला फसवून काय मिळवायचंय? आपल्याला तर फुलंही नकोत. गांजा चार-पाच महिन्यांत कापून मोकळं व्हायचं पीक, ते ढसाढसा पितं आणि बकाबका खातं. कढीपत्ता लिंबाच्या कुळातलं, वर्षानुवर्षं उभं राहणारं झाड. थंडीत त्याला जरा पडून राहायचं असतं. तेव्हा ताट वाढून त्याच्या उशाशी बसू नका.

मी आठ हिवाळे काढलेत (आणि त्याआधी तीन झाडं मारलीत, लपवत नाही). गॅरेजसाठी मिळतो तो साधा पांढरा एलईडी, ६५०० केल्विनचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा), शेंड्यापासून फूटभर वर, १२ ते १४ तास. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. माझ्याकडे जानेवारीत दहा-बारा दिवसांनी पाळी येते. खत नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. कुंडी थंडगार फरशीवर ठेवायची नाही, खाली पाट सरकवायचा. ताक? ते जेवताना प्या.

मिशिगनकर

गांजावाल्यांना नावं ठेवण्याआधी एक लक्षात घ्या. या देशात बंद खोलीत दिव्याखाली झाड कसं वाढवायचं हे सगळ्यात जास्त कोणी अभ्यासलं असेल तर त्यांनी. तळघरात सोडियमचे दिवे लावून, विजेच्या बिलावरून आपण पकडले जाऊ या धास्तीत वॉटन् वॉट मोजलाय बिचाऱ्यांनी. आमच्याकडे २०१८ च्या मतदानानंतर घरात १२ रोपं कायदेशीर आहेत. गल्लोगल्ली त्याच्या सामानाची दुकानं निघाली. मी तिथे कढीपत्त्यासाठी तंबू (आत दिवा टांगून झाड ठेवायचा) घ्यायला गेलो तर पोरगा डोळा मारून म्हणाला, "शुअर, करी लीफ!" (मी खरंच लावत नाही. सासूबाई इथे वाचतात.) पण खोक्यावर १००० वॉट छापलेला दिवा मीटर लावून पाहिला तर शंभर-सव्वाशेच ओढतो, हे मला त्याच पोराने दाखवलं. आपल्या एकाही बागकाम-गटाने नाही.

आता मुद्दा. तुमच्या मैत्रिणीचं झाड पाण्याने मेलेलं नाही. अंधारात पाणी घातल्याने मेलंय. उजेड भरपूर असेल तर झाड पाणी ओढतं. माझं तंबूत १६ तास दिव्याखाली असतं. ऑक्टोबरात वीतभर होतं, मार्चमध्ये माझ्या गुडघ्याला लागलं, आणि भर जानेवारीत आठवड्यातून दोनदा पाणी मागायचं. खतही पचवलं. तिचा दिवा किती उंचावर होता, हे विचारलंत का?

माजघर (सांगली)

तुम्हा लोकांची गंमत वाटते. आमच्याकडे कढीपत्ता मोरीच्या मागे आहे. भांड्याचं पाणी, साबणाचं पाणी, सगळं त्यालाच. माझ्या लग्नाआधीपासून उभा आहे. दिवा लावतो आम्ही तुळशीपुढे.

हिरवळ

माझ्या लेखावर वेगळा धागा काढण्याइतकी मी मोठी झाले, धन्यवाद.

"पेलाभर" लिहिलं होतं, "बादलीभर" नव्हे. आमच्या घरात पेला म्हणजे देवापुढे ठेवतो तो, छोटा. लोकांनी स्टारबक्सचा घेतला तर माझा दोष? आणि १८ तास दिव्याच्या पाकिटावर छापलेलं होतं, ते लिहिलं. माझं झाड ठणठणीत आहे, फोटो टाकलाय.

ताकाबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. माझी आजी आयुष्यभर कढीपत्त्याला ताक घालायची. विरजणाचं भांडं विसळलं की ते पाणी झाडालाच. पानं अशी काळीभोर, की फोडणीत दोन टाकली तर शेजारी विचारत यायचे.

रसायन_बिघडलं

आजीबद्दल आदर आहे, पण ती ताक कुठल्या मातीत घालत होती? चुनखडीची जमीन, विहिरीचं जड पाणी. तिथे मातीत लोह असतं पण मुळांना ते उचलता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात ते त्यामुळेच. ताक आंबट, म्हणून तेवढ्यापुरता फरक पडतो. शेतकरी त्याच कारणासाठी हिराकस (फेरस सल्फेट) वापरतात. इथल्या पिशवीतल्या मातीत पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) असतं, ती आधीच किंचित आंबट. त्यावर घरातल्या घरात ताक ओतलं की झाड नाही, चिलटं वाढतात. आणि पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आधी आला असेल तर लोहाचा संबंधच नाही. नत्र किंवा मॅग्नेशियम बघा.

हिरवळ

म्हणजे आजी बरोबर होती. तेवढंच म्हणायचं होतं.

रसायन_बिघडलं

आजी बरोबर होती. तुम्ही नाही.

ओटीवरून (मालवण, हल्ली न्यू जर्सी)

ताकाला ताक म्हणा हो, पण खरं खत माशाचं. आमच्याकडे बांगडे धुतलेलं पाणी माडाला आणि कढीपत्त्याला जायचं. इथे फिश इमल्शन, म्हणजे माशाचं पातळ खत, बाटलीत मिळतं. मार्चपासून महिन्यातून एकदा, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं. पानं बघा मग.

सात्त्विक_स्वयंपाक

शी! ज्या झाडाची पानं नैवेद्याच्या आमटीत जातात त्याला मासे? निदान लिहिण्याआधी विचार करायचा. आमच्याकडे श्रावणात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही.

ओटीवरून

ताई, कढीपत्ता मासे खातो, तुम्ही नाही. शेणखतात काय असतं ते तुमच्या गुरुजींना विचारून या. मातीतल्या किड्यांचा उपास कुठल्या वारी असतो तेही विचारा.

सात्त्विक_स्वयंपाक

शेण पवित्र मानतात. तुलना कसली करताय? तुमच्यासारख्या लोकांमुळेच पॉटलकच्या जेवणाला डबे वेगळे ठेवावे लागतात.

ओटीवरून

"तुमच्यासारख्या" म्हणजे? जरा स्पष्ट लिहा. मागच्या गणपतीत तुम्ही माझ्याच झाडाची डहाळी घेऊन गेला होतात. ती बांगड्यावरच वाढली होती. आमटी छान झाल्याचा निरोपही आला होता.

सात्त्विक_स्वयंपाक

हे मला तेव्हा का नाही सांगितलं???

मिशिगनकर

😂 धागा वाचवा कोणीतरी. मूळ प्रश्न दिव्याचा होता.

एक_डहाळी (टेक्सास)

दिवा-पाणी जाऊ द्या, झाड आणायचं कुठून ते बोला. दोन वर्षांपूर्वी आईने पुण्याहून प्रेमाने पिशवीभर पाला आणला, इथल्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी हातमोजे घालून तो उचलला आणि टाकला. आई रडली. लिंबावरचा रोग पसरवणारा तुडतुड्यासारखा किडा कढीपत्त्यावरही राहतो म्हणून ताजा पाला आणायला बंदी. फ्लोरिडातून रोप मागवायचं तर तिथूनही बाहेर पाठवण्यावर बंधनं. बिया मागवल्या, सुकलेल्या आल्या, एकही उगवली नाही. कढीपत्त्याचं बी ताजंच लागतं, काळं पिकलेलं फळ, गर काढून लगेच पेरायचं, हे विकणारा सांगत नाही. मी आजही वाण्याकडून दोन डॉलरला बारा काड्या घेते, त्यातल्या सात काळ्या.

माजघर (सांगली)

दोन डॉलर म्हणजे जवळपास पावणेदोनशे रुपये की! आमच्याकडे मंडईत कोथिंबिरीवर फुकट टाकतात.

शेवग्याची_शेंग

मिशिगनकर, तुमचा प्रश्न डोक्यात राहिला म्हणून काल मैत्रिणीकडे जाऊन आले. दिवा पडद्याच्या दांडीला टांगलेला होता. शेंडा जिथे होता तिथपासून तीन फूट भरला. फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप लावलं: शेंड्यापाशी दोन हजारांच्या आसपास. तोच दिवा फूटभरावर धरला तर चौदा हजार. खिडकीपाशी ढगाळ दुपारी दीड हजार. म्हणजे १८ तास दिवा पेटवून झाड ढगाळ खिडकीतच बसलं होतं म्हणायचं. आणि रोज पेला. (पेला मोठाच होता, हिरवळ. तांब्याच म्हणा.)

तर हो, अंधारातलं पाणी. मान्य. पण तुमचा १६ तासांचा तंबू नवशिक्याला सांगू नका. पंखा, टायमर, खत मोजायची चमची, हे सगळं सांभाळणारा माणूस बोट घालून माती बघणाराच असतो. जो बघत नाही त्याला "रोज", "दर रविवारी" असं वेळापत्रक दिलं की तो झाडाकडे न बघता कॅलेंडरकडे बघतो. माझा राग त्यावर आहे, दिव्यावर नाही.

मिशिगनकर

चला, अर्धं तरी कबूल केलंत. अर्धं मीही करतो. पहिल्या वर्षी दिवा आठ इंचांवर ठेवून सगळे शेंडे भाजले होते, पानं वाटीसारखी वर वळली होती. तो फोटो मी कधी टाकला नाही. १४ तास, फूटभर, हे नवशिक्याला ठीक. दिवा वाढवला तरच पाणी वाढवा, पाणी वाढलं तरच खत. उलट्या क्रमाने जाऊ नका.

हिरवळ

लेखात "रोज" खोडून "माती कोरडी झाल्यावर" केलंय. ताक ठेवलंय.

रसायन_बिघडलं

निदान मीठ-जिरं घातलेलं नको, एवढं तरी लिहा. माझ्या भावाने उरलेला मठ्ठा ओतला होता. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या.

हिरवळ

मठ्ठा ओतायला मी सांगितलं नव्हतं!! बरं, लिहिते.

एक_डहाळी (टेक्सास)

कुणाकडे रोप आहे का, एवढंच विचारत होते.

शेवग्याची_शेंग

माझ्या झाडाला मुळातून दोन फुटवे आलेत. एक मैत्रिणीला दिला, मुळासकट काढून, लहान कुंडीत. मोठ्या कुंडीत माती ओली राहते. दिवा मी स्वतः साखळीने खाली घेतला आणि तांब्या ओट्याखालच्या कपाटात मागे सरकवून आले. दुसरा फुटवा आहे, पण राज्याबाहेर पाठवताना नियम बघावे लागतील. इकडे येणं झालं तर सांगा.

माजघर (सांगली)

आमच्या मोरीपाशी तीस-चाळीस आहेत. येताना कुदळ आणा.