खडकाला ‘वापसा’ येतो का?

धुळेकर: आम्ही चार-पाच जण हिवाळ्यात धोंड्यांवर बोल्डरिंग करतो, म्हणजे दोर न लावता नुसत्या हातापायांनी चढतो. सकाळी पहिला प्रश्न ठरलेला, ‘कंडिशन कशी आहे?’ त्यात हवा, दगड, बोटं सगळंच आलं. परवा लळिंगच्या बाजूला एका धोंड्यावर हात फिरवून आमच्यातला एक शेतकऱ्याचा पोरगा म्हणाला, ‘अजून वापसा नाही.’ शब्द भारी वाटला. पण दगडाला वापसा म्हणता येईल?

रावेरवाला: नाही. वापसा (कोणी वाफसा म्हणतं) जमिनीचा. पाऊस उघडला, जादा पाणी निथळलं, की मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, खाली टाकला तर फुटतो. म्हणजे वापशाला ओल लागतेच, आणि तुम्हाला तर ती नकोच. सरळ ‘सुकला’ म्हणा.

चाळीसगावकर: अर्थ बरोबर, पण ‘सुकला’वर भागत नाही. ओल काय एकाच जातीची असते? दहिवर असेल तर ऊन पडेपर्यंत चहा घ्यायचा, थोड्या वेळात उडून जातं. पाझर असेल तर गाडी वळवायची. बेसॉल्टच्या दोन थरांमधल्या लाल पट्ट्यातून किंवा भेगेतून पाऊस उघडल्यावरही कित्येक दिवस पाणी झिरपतं. दगड वरून राखाडी, कोरडा दिसतो आणि नेमकी पकडीची खाच काळी असते. तिसरी ओल दमट हवेची. ती दिसत नाही, चॉक (घाम टिपायला हाताला लावतो ती पांढरी पूड) लावल्यावर कळते: पूड झडून जायच्या ऐवजी मळलेल्या कणकेसारखी खाचेत बसते. मी हाताची पाठ टेकवून बघतो. तळव्याला आपलाच घाम असतो, त्याची साक्ष काय कामाची!

धुळेकर: आणि मांजऱ्या दगड?

चाळीसगावकर: विहीर खोदणारे म्हणतात तोच ना, पांढरट गाठींचा? ताजा असेल तर ठीक. झिजलेला पाणी पितो, वरून सुकला तरी आतून ओला राहतो, आणि पकड अख्खी हातात येते. बोटाच्या पेराने ठोकून बघायचं. ठणठणीत वाजला तर चढा, बद वाजला तर सोडा. एकदा सोडला नव्हता, तर ढोपर दोन आठवडे सुजलेलं.

रावेरवाला: पाणी पितो म्हणता, मग तो मातीचाच भाऊ. त्या झिजलेल्या मांजऱ्याला वापसा म्हणा, हरकत नाही. काळ्या पाषाणाला मात्र नको.

धुळेकर: आमचा पोरगा काळ्यालाच म्हणाला होता. आता त्याला कोण सांगणार! आमच्या आजीचं बरं, ती अहिराणीत एवढंच विचारते, ‘वल्ला शे का?’

रावेरवाला: आणि मे महिन्यात, पारा ४५ला टेकतो तेव्हा?

चाळीसगावकर: तेव्हा कशाची कंडिशन? दगड पोयतो. घरी बसायचं.