'हलाल'ला मराठीत काय म्हणावं?

वसमतकर: मदत पाहिजे. इथल्या एका हळद पावडरवाल्याच्या पाकिटाचा मजकूर मराठीत करून द्यायलोय. माल दुबईला जातो, तिथला व्यापारी हलाल सर्टिफिकेट मागतो. मी 'हलाल प्रमाणित हळद' लिहिलं तर काका भडकले, हळद काय बकरं आहे का हलाल करायला! मग 'धर्मसंमत' केलं, ते मालकाला पटंना.

परभणीकर: काकांचं बरोबर आहे. आपल्याकडं 'हलाल करणे' म्हणजे कापणेच. आमच्या घरी कंदुरी, म्हणजे नवसाच्या बकऱ्याचं जेवण, असायची; बकरं आमचं, नवस आमचा, पण सुरी मुलाण्याचीच. तो बिस्मिल्ला म्हणून हलाल करायचा आणि आजी त्याचा वाटा आधी काढून ठेवायची, त्याशिवाय चूल पेटत नव्हती.

अंबाजोगाईकर: पण मूळ अरबीत हलाल म्हणजे ज्याला मुभा आहे ते, उलट हराम. मटणच नाही, कमाईसुद्धा हलाल असते. हळदीत दारूचा अंश नाही, जनावराचं काही मिसळलं नाही, हे बघतात. आपण निमकहराम रोज म्हणतो आणि निमकहलाल विसरून गेलो याचं मला फार वाईट वाटतं.

लातूरकर: मराठी पाकिटावर मराठीच शब्द पाहिजे. 'विहित' लिहा.

अंबाजोगाईकर: विहित म्हणजे करायलाच पाहिजे असं सांगितलेलं, हलाल म्हणजे केलं तर हरकत नाही. अर्थच बदलतो ना सर. आणि कायदा, वकील, हक्क हे पण अरबीच आहेत, ते कुठं नेऊन टाकणार?

नांदेडकर: माझे वडील मिलमध्ये होते, पगाराच्या दिवशी म्हणायचे "हलालीचं खातो". घामाचं, असा अर्थ. आता 2025 मध्ये झटक्याच्या, म्हणजे एका घावात कापलेल्या, मटणासाठी 'मल्हार' सर्टिफिकेट निघाल्यापासून हा शब्द काढला की माणसं भांडायलाच उठायलेत, वडलांचा अर्थ कुणाला सांगायचा?

लातूरकर: ते दखनी उर्दू झालं. मराठीत 'कष्टाचं'.

नांदेडकर: माझे वडील मराठीच बोलायचे.

परभणीकर: मुंबईच्या 1888 च्या महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' होता, मैला उचलण्याच्या कामासाठीचा. कष्टाचं खाणारा तो हलालखोर.

वसमतकर: पाकीट सोमवारी छापायला जायलंय हो. काय लिहू?

अंबाजोगाईकर: परभणीकर, तुमची ती कंदुरी पण फारसीच बरं का. जेवायला अंथरतात ते दस्तरखान म्हणजे कंदुरी.

परभणीकर: खरंच? आमच्याकडं पंगत शेतात बसायची, चादर अंथरूनच.