पर्सचं अस्तर तपासा

नवी पर्स घेतल्यापासून प्रत्येक मॉलच्या दारात बीप वाजतो, असं एका ताईंनी लिहिलंय. पर्सचे कप्पे उलटे करून बघा. चोरी पकडण्यासाठी दुकानवाले मालात लपवतात ती, बोटाच्या दोन पेरांएवढी पांढरी प्लास्टिकची पट्टी निघेल, बरेचदा वर नुसता दिखाऊ बारकोड असतो. आतली धातूची पातळ फीत दारातल्या खांबांच्या ५८ किलोहर्ट्‌झच्या लहरींनी थरथरते, आणि ते खांबांना कळलं की बीप वाजतो. काउंटरवर पट्टीचं चुंबकत्व घालवायचं राहिलं, किंवा नंतर एखाद्या जोरकस चुंबकाने ते परत आलं, की बोंब सुरू. माझ्या आईच्या बुटात सुकतळ्याखाली निघाली होती! गार्डने तोवर चारचौघांत तिची अख्खी पिशवी उपसली, याचा मला अजून राग येतो. असं झालं तर बाजूला नेऊन तपासा, असं ठणकावून सांगा. पट्टी सरळ कापून फेकून द्या.