शब्दचर्चा : वालीचा 'वध' की 'हत्या'?

मंगळवार पेठेतून :

सर, नमस्कार. आमच्या तालमीनं यंदा गणपतीत किष्किंधेचा सजीव देखावा धरलाय. वाली-सुग्रीवाची झुंज आणि झाडाआड धनुष्य ताणून राम, एवढं ठरलं. बोर्डावर काय लिहायचं यावर मात्र गाडी अडलीय. जुनी माणसं म्हणतात, सरळ 'वालीवध' लिहा. आमच्यातलाच कॉलेजातला एक पोरगा म्हणतो, लपून मारलं त्याला वध कसला म्हणतासा, 'हत्या' लिहा. या दोन शब्दांत नेमका फरक काय? आणि खरं सांगू का, रामावर श्रद्धा असूनही तो प्रसंग मला लहानपणापासून टोचतो.

उत्तर, राजारामपुरीतून :

बोर्डावर 'वध'च लिहा. मात्र तो शब्द लिहिला की रामाची बाजू आपोआप मांडून झाली, असं धरून चालू नका. मला ती बाजू मांडायची आहे, अगदी मनापासून मांडायची आहे, पण ती या शब्दाच्या जोरावर मांडता येत नाही.

आजच्या मराठीत हे दोन शब्द समोरासमोर उभे आहेत. कंसवध, कीचकवध, जरासंधवध, अफझलखानाचा वध. मेला तो मरण्याच्याच लायकीचा होता, हे 'वध' म्हणताक्षणी गृहीत धरलं जातं. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या यांत मारणाऱ्याला पाप लागतं. आपल्या गावाचं नावच एका वधातून आलं, अशी करवीर माहात्म्यातली कथा आहे. देवीनं कोल्हासुराला मारलं आणि मरताना त्यानं मागितल्याप्रमाणे नगरीला त्याचं नाव राहिलं. ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतात तो त्याच वधाची आठवण म्हणून. 'कोल्हासुराची हत्या' असं म्हणणारा माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही.

त्यामुळे बोलणारा कुणाच्या बाजूचा आहे, ते या एका शब्दावरून उघड होतं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत जे घडलं त्याला काही जण 'वध' म्हणतात. त्यांनी पुराव्याशिवाय निकाल देऊन टाकलेला असतो. मी तिथे 'हत्या'च म्हणतो. हाच न्याय वालीच्या बाबतीतही लावला पाहिजे. रामाला निर्दोष ठरवायचं असेल तर ते मुद्द्यांनी ठरवायला हवं.

शिवाय ही वाटणी मराठीची आहे. संस्कृतात दोन्ही शब्द एकाच घरचे. 'हत्या' सरळ हन् धातूपासून, आणि काही रूपांत हन् च्या जागी 'वध' येतो असं पाणिनीच सांगतो : 'हनो वध लिङि'. ताटका राक्षसीला मारायला सांगताना विश्वामित्र रामाला म्हणतात, 'न हि ते स्त्रीवधकृते घृणा कार्या'. स्त्रीवध हा काही गौरवाचा शब्द नव्हे. नुसतं मारणं, एवढाच तिथे अर्थ.

आता वालीचं पाहू. किष्किंधाकांडाच्या १७व्या सर्गात बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो, 'पराङ्मुखवधं कृत्वा को नु प्राप्तस्त्वया गुणः'. ज्याचं तोंड तुझ्याकडे नव्हतं त्याचा वध करून तू काय मिळवलंस? पुढच्याच सर्गात राम शास्त्र सांगतो : बहीण किंवा धाकट्या भावाची बायको यांच्याशी जो कामवासनेनं वागतो, 'तस्य दण्डो वधः स्मृतः', त्याला वध हाच दंड. वालीच्या तोंडी जी फिर्याद, तीच रामाच्या तोंडी शिक्षा, आणि शब्द दोघांचा एकच. म्हणून बोर्डावर तोच हवा. त्या कॉलेजच्या पोरालाही सांगा, त्याचा आक्षेप या शब्दात मावतो, तो पुसला जात नाही.

लिहिताना 'वालिवध' लिहा, लि ऱ्हस्व. मूळ शब्द वालिन्. पक्षिमित्र, विद्यार्थिमंडळ यांना लागतो तोच नियम.

शिवाजी पेठेतून :

सर, शब्दाचं पटलं. पण मी लाल मातीत वाढलेला माणूस. खासबागेत कुस्ती लागली की तिसऱ्यानं हात घालायचा नसतो. वस्ताद असू दे नाहीतर सख्खा बाप, कडेला उभं राहून तोंडानं सांगायचं, बस्स. दोघं झुंजत असताना बाहेरून कुणी वार केला तर त्याला आमच्यात एकच नाव आहे, ते इथं लिहीत नाही. राम देव आहे म्हणून हे पोटात घालायचं का? वालीनं समोरच्याचं अर्धं बळ घेण्याचा वर मिळवला होता, म्हणून लपावं लागलं, असं कीर्तनात ऐकलंय. ते तरी खरं का?

उत्तर, राजारामपुरीतून :

वस्ताद, देव म्हणून काहीही पोटात घालू नका. वाल्मीकींनीही घातलेलं नाही. रामाच्या तोंडावर इतके कठोर शब्द फेकायला त्यांनी वालीला सबंध सर्ग दिला. 'तुझ्यासारखा नाथ मिळूनही ही पृथ्वी अनाथच' असं तो म्हणतो. मरणाऱ्या शत्रूला एवढी मोकळीक देणारा कवी नायकाची चूक झाकायला बसलेला नाही.

अर्ध्या बळाचा वर वाल्मीकिरामायणात नाही. तिथे वालीच्या गळ्यात इंद्रानं दिलेली सोन्याची माळ आहे. वराची कथा नंतर रुजली आणि ती रामाचा बचाव करायला म्हणून सांगतात, पण मला ती रामाला कमीपणा आणणारी वाटते. वालीला भिऊन तो लपला, एवढंच तिच्यातून निघतं. मूळ कथेत सुग्रीवाला वालीच्या बळाची धास्ती असते, तेव्हा राम वालीनं मारलेल्या दुंदुभी असुराचा सांगाडा पायाच्या अंगठ्यानं दहा योजनं उडवतो आणि एका बाणानं सात साल वृक्ष भेदतो. ताकदीचा प्रश्न तिथेच मिटला होता. बाण पाठीत बसला, हेही आपल्याकडे सर्रास सांगतात. वाली स्वतः म्हणतो, 'शरेणोरसि ताडितः'. छातीत. 'पराङ्मुख'चा इथला अर्थ दुसऱ्याशी झुंजण्यात गुंतलेला, असा आहे.

आता तुमचा खरा मुद्दा. कुस्तीचा नियम तुम्ही बरोबर सांगितला. रामानं त्या नियमानं उत्तरच दिलेलं नाही. आपण द्वंद्व केलं, असा त्याचा दावा कुठेच नाही. वाली म्हणतो, तुझ्या देशात किंवा तुझ्या नगरात मी काही पाप केलेलं नाही, मग मला का मारलंस? त्याला धरून राम सांगतो, 'इक्ष्वाकूणामियं भूमिः सशैलवनकानना'. डोंगर, राई, अरण्यं यांसकट ही भूमी इक्ष्वाकूंची आहे, राजा भरत आहे आणि आम्ही त्याच्या आज्ञेनं धर्म राखत फिरतो. ही सत्तेची भाषा आहे आणि आज ती कानाला खटकते, हे मान्य. पण तिच्यातून राम कोणत्या नात्यानं उभा आहे ते कळतं. आखाड्यातला तिसरा मल्ल म्हणून तो तिथे नाही, दंड देणारा म्हणून आहे. गुन्हेगाराला आधी आव्हान देऊन मग शिक्षा करण्याची रीत कुठल्याच राज्यात नसते.

आणि गुन्हा कोणता? इथे आपण सगळेच चुकतो. राम, वाली, सुग्रीव यांच्यावर तासन् तास बोलतो आणि रुमेचं नावही घेत नाही. सुग्रीवाला अंगावरच्या वस्त्रानिशी हाकललं आणि त्याची बायको वालीनं ठेवून घेतली. रामाचा सगळा आरोप यावर उभा आहे. तो रुमेला वालीची 'स्नुषा' म्हणतो. आपला 'सून' हा शब्द या स्नुषेवरूनच आला. थोरला भाऊ बापाच्या जागी, म्हणून धाकट्याची बायको सुनेच्या जागी. अख्ख्या १७व्या सर्गात वाली रामाला धर्म शिकवतो, पण रुमेबद्दल अवाक्षर काढत नाही. रामाचा बचाव करणारेही मैत्रीचं वचन, सुग्रीवाचं राज्य हेच पुढे करतात. त्या बाईला न्याय द्यायचा होता, हे सगळ्यात भक्कम कारण ते वापरतच नाहीत. देखाव्यात रुमेला उभं करा. ती नसेल तर बघणाऱ्याला फक्त झाडामागचा नेमबाज दिसेल.

रामाच्या उत्तरातला एक भाग मात्र मी बचावात घेत नाही. तू 'शाखामृग' आहेस, आणि मृगाला जाळं लावून, फासे टाकून, लपूनही मारतात, असं तो म्हणतो. वाली पशू असेल तर त्याला सून-भावजयीचा धर्म लागू होत नाही. तो लागू होत असेल तर शिकारीचा दाखला टिकत नाही. दोन्ही एकदम धरता येत नाहीत. मी दंडाचा मुद्दा धरतो आणि शिकारीचा सोडतो.

गडहिंग्लजहून :

सर, गीतरामायणात तर राम 'वध' हा शब्दच नाकारतो. 'वालीवध ना, खलनिर्दालन'. मग बोर्डावर 'खलनिर्दालन' का नको? दुसरं म्हणजे, वाली मेल्यावर सुग्रीवानं तारेला ठेवलंच की. मोठी भावजय आईसमान म्हणतात. त्याला कुठला दंड झाला? मी बाई म्हणून विचारते, कारण तुम्ही रुमेचं नाव घेतलंत.

उत्तर, राजारामपुरीतून :

ताई, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

ते गाणं आपल्याच गावात जन्मलेल्या सुधीर फडक्यांच्या आवाजात घराघरांत गेलं, त्यामुळे 'निर्दालन' हा शब्द आपल्या कानात बसलाय. त्याच्या पाठीशी तुकोबा आहेत : 'दया तिचे नांव भूतांचे पाळण । आणीक निर्दाळण कंटकांचे'. काटा उपटणं हाही दयेचाच भाग. गदिमांच्या रामाला हा अर्थ शोभतो. पण 'खल' म्हटलं की वाली पुरता खल ठरतो, आणि वाल्मीकींचा वाली तसा नाही. तारेनं त्याला पहिल्या लढाईनंतर बजावलं होतं की सुग्रीव पुन्हा आव्हान देतोय त्याअर्थी त्याच्यामागे कुणीतरी आहे. तरी तो बाहेर पडला, रामासारखा धर्म जाणणारा पाप करणार नाही, या भरवशावर. असा भरवसा ठेवणाऱ्याला नुसता 'खल' म्हणून मोकळं होणं माझ्या जिवावर येतं.

तारेबद्दल. रामाच्या आरोपात एक शब्द आहे, 'धरमाणस्य'. धरमाण म्हणजे प्राण धरून असलेला, जिवंत. 'सुग्रीव जिवंत असताना तू रुमेशी असं वागलास', असा तो आरोप आहे. मायावी नावाच्या असुरामागे गुहेत शिरलेला वाली परतला नाही, तो मेला असं समजून सुग्रीव राजा झाला तेव्हाही तारा त्याच्याकडे आली होती, हे सुग्रीव पुढे स्वतःच रामाला सांगतो. तिथे तो भाऊ गेला असं धरून वागला. वालीला मात्र भाऊ जिवंत आहे, रानोमाळ पळतो आहे, हे पक्कं ठाऊक होतं. तारेच्या मनाला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही, ही तुमची तक्रार असेल तर तिला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ती रास्त आहे.

शिवाजी पेठेतून :

रुमेचं पटलं सर. लपून मारलं ते अजून गळ्याखाली उतरत नाही. माझ्या एकट्याचंच असं होतंय का?

उत्तर, राजारामपुरीतून :

एकट्याचं नाही, वस्ताद. भवभूतीच्या उत्तररामचरित या संस्कृत नाटकात खुद्द रामाचा मुलगा लव हेच बोलून दाखवतो. थोरांच्या चरित्राची चिकित्सा करू नये, असं म्हणत तो ताटकेला मारणं, खर राक्षसाशी लढताना तीन पावलं मागे सरणं आणि 'इन्द्रसूनुनिधने कौशलम्' ही तिन्ही गालबोटं मोजून ठेवतो. इंद्रपुत्र वालीला मारण्यातलं 'कौशल', त्यातली खोच तुम्हाला सांगायला नको. त्याच भवभूतीनं महावीरचरितात प्रसंगच बदलला आणि राम-वालीला उघड लढवलं. इतक्या मोठ्या कवीलाही ते गळ्याखाली उतरलं नव्हतं.

मी रामाकडे उभा राहतो तो मरणानंतरच्या गोष्टी पाहून. दंड आणि सूड यांतला फरक तिथे दिसतो. दंड गुन्हेगारापाशी थांबतो, सूड घराण्यात उतरतो. राज्यासाठी किंवा मित्रासाठी काटा काढायचा असता तर वालीचा मुलगा जिवंत ठेवणं हा धोकाच होता. वालीनं शेवटी 'तू म्हणतोस ते तसंच आहे, शंका नाही' असं म्हणून रामाकडे मागणं केलं, माझ्या अंगदाला सांभाळ. रामाच्या सांगण्यावरून सुग्रीवानं राज्याभिषेकाबरोबरच अंगदाला युवराज केलं. सीतेच्या शोधासाठी दक्षिणेला गेलेल्या वानरांचा तोच पुढारी होता, आणि लंकेला वेढा पडल्यावर रामाचा निरोप घेऊन रावणाच्या दरबारात तोच गेला.