घरच्या ग्रुपवर: एडिंबरातली मिरची

ताई: काका जागे आहात का? फोटो टाकला बघा, मिरचीची रोपं एकदम काटकुळी होऊन पडून राहिली. हीटरच्या वर खिडकीत ठेवली होती, 14 बियांतल्या 11 उगवल्या पण आता दोन बुडातून सडून आडवी झाली, फार वाईट वाटून राहिलं

आई: अगं माय. किती जपत होती तू. मी भिवापुरी मिरचीच्या बिया कुरिअर करू का?

काका: वहिनी, बिया नका पाठवू. तिकडे मिरचीच्या बियांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो, नाहीतर अडकतात. आणि बी खराब नाहीच नं, 14 पैकी 11 आली म्हणजे चांगलंच होतं.
पोरी ऐक, मिरचीचं बी उगवायला 25 ते 30 डिग्री ऊब लागते, तेव्हा उजेड नसला तरी चालते. पण कोंब वर आला की उलटं, आता उजेड भरपूर आणि ऊब कमी. तू ऊब तशीच ठेवली अन् उजेड मिळाला नाही, म्हणून रोप उजेड शोधत लांबत गेलं

ताई: इकडे सव्वापाचला अंधार, दिवसा पण ढगच

काका: मग एलईडी ग्रो लाइट घे, रोपाच्या वर वीतभर अंतरावर, रोज 14-15 तास. हीटरवरून काढ, 18-20 डिग्री पुष्कळ झालं. आडवी झालेली दोन मातीसकट टाकून दे, ती बुरशी आहे, पाणी जास्त झालं की येते, आपल्या वाफ्यात पण येते. बाकीची छोट्या कुंड्यांत हलव, पहिल्या दोन पानांपर्यंत मातीत गाड, अन् पाणी वरून नको, ताटलीत दे, वरची माती सुकली की मगच

आत्या: आमच्या गच्चीवर मे महिन्यात फुलं गळून जातात, हिची तर थंडीनंच गळतील

काका: हो, दोन्हीकडे गळतात. आपल्याकडे 45 डिग्रीत, तिकडे रात्री 12-13 च्या खाली गेलं की. म्हणून बाहेर ठेवायची घाई नको, मे संपल्यावर, तेही आधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ, सवय होईपर्यंत. एडिंबरात जुलैत पण दिवसा 19-20 च्याच आसपास असते, मी तर म्हणतो दक्षिणेच्या खिडकीतच राहू दे. आत मधमाशी येत नाही, फुलं आली की देठाला रोज हलकी टिचकी मार, नाहीतर बारीक ब्रश फिरव. तेव्हापासून टोमॅटोचं खत दे, पोटॅशवालं

मी: पण हिवाळ्यात मरूनच जाईल ना सगळं?

काका: नाही रे. मिरची बहुवर्षायू झाड आहे, आपण शेतात एका हंगामात काढून टाकतो एवढंच. ऑक्टोबरात छाटून खोडाचा इंग्रजी Y सारखा आकार ठेवायचा, पाणी अगदी कमी, 10-12 डिग्रीच्या खोलीत ठेवलं की फेब्रुवारीत फुटते. दुसऱ्या वर्षी मिरच्या लवकर लागतात. पुढच्या खेपेला रोकोटो लाव, अँडीज पर्वतातली मिरची, काळ्या बिया, जांभळी फुलं, तिला गारवाच मानवतो

ताई: रोकोटो शोधते. लाइट ऑर्डर केला, मंगळवारी येईल. तोवर?

आई: तोवर दिवसा खिडकीत ठेव अन् रात्री आत घे बाळा, काचेजवळ फार गार पडत असेल

ताई: हो आई, आत्ताच उचलली. 9 आहेत